कूस बदलल्याची खूण

कूस बदलताना बाई पाढे म्हणायच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणायचो. पॅरालिसिसच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाणी हवंय, दुखतंय, मुलीचं नाव, यातलं काहीच तोंडातून यायचं नाही. पण पाठ असलेलं यायचं. डॉक्टर म्हणाले होते, अशा पेशंटना कधीकधी आकडे, आरती, गाणी म्हणता येतात. मी खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला की ‘बे एके बे’ सुरू व्हायचं आणि बे दाहे वीसपर्यंत पाठीमागे उशी लागलेली असायची.

पुण्यातल्या एका वृद्ध सेवा केंद्रात मी ब्युरोमार्फत, म्हणजे मावश्या पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, रात्रपाळीला होते, आठ ते आठ. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेले नऊ जण आणि आम्ही दोघी मावश्या. एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची. डायपर, पुसणं, पावडर, चादर ओढून घेणं धरून एकाला दहा मिनिटं लागतात आणि जड पेशंटला दोघी लागतात. म्हणजे नऊ जणांना दीड तास. पुढची फेरी सुरू व्हायला अर्धाच तास उरतो. त्यात कुणाला राईल्स ट्यूबने, म्हणजे नाकातल्या नळीने, फीड, कुणाची युरिन बॅग, कुणी रडतंय. मग काय होतं? पाळी सुरू होतानाच चार्टवर आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा अशा सगळ्या रकान्यांत खुणा करून टाकतात. मीही केल्यात. तीन-चार महिने केल्यात. हे लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

त्या शनिवारी पोचल्या पोचल्या बाईंकडे गेले. चार्टवर संध्याकाळी सहाची नोंद होती, ‘डावी कूस’. बाई उताण्या होत्या. अंगाखालच्या चादरीच्या चुण्या पाठीवर जशाच्या तशा उमटल्या होत्या, म्हणजे कितीतरी तास त्या हलल्या नव्हत्या. माकडहाडापाशी हाताची पाठ टेकवली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, हातालाच कळतं. तिथे गरम होतं, आजूबाजूपेक्षा टणक होतं, आणि मधोमध रुपयाएवढी कातडी सोललेली. डायपर सकाळपासूनचाच असावा. मी त्यांना वळवायला घेतलं. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक... तिथे थांबल्या आणि माझी ओढणी डाव्या मुठीत घट्ट धरली.

सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, पावडर लाव. उघड्या जखमेवर पावडर लावत नाहीत, चोळतही नाहीत, हे मला येत होतं, त्यांनाही येत होतंच. मी सलाईनने पुसलं आणि ड्रेसिंग मागून घेतलं. पूर्ण कुशीवर न वळवता थोडं तिरकं ठेवलं, टाचा पलंगाला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी दिली. त्या रात्री चार्टवर मी खऱ्याच वेळा लिहिल्या. बाईंना पाच वेळा वळवलं, तर पाचच. सहावा रकाना मोकळा सोडला. सकाळी मॅनेजरसाहेबांना एअर बेडचं, म्हणजे एकाच जागी दाब पडू नये म्हणून वापरतात त्या हवेच्या गादीचं, विचारलं. ते म्हणाले, त्याचे पैसे वेगळे, नातेवाइकांशी मी बोलतो, तू बोलू नकोस. आणि मोकळ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, हा भर.

मी भरला नाही.

रविवारी सकाळी मुलीचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल यायचा. कॉलच्या आधी वेणी घालायची, टिकली लावायची, चादर गळ्यापर्यंत ओढायची. ते सगळं मीच करायचे, बाई छान दिसल्या की मला बरंही वाटायचं. त्या दिवशी ताईंनी नेहमीसारखं विचारलं, “मावशी, आई बरी आहे ना?” साहेब दाराशी उभे होते. मी म्हटलं, “ताई, पाठीला जखम झालीय. फोनवर नाही कळायचं. तुम्ही स्वतः येऊन बघा.”

सोमवारी अकरा वाजता ब्युरोचा फोन आला. उद्यापासून येऊ नको, नातेवाइकांना घाबरवलंस, पार्टी नाराज आहे. सतरा दिवसांचा पगार बाकी होता. तो मागितला तर म्हणाले, नुकसान केलंस ते आधी बघू. माझ्याकडे नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, ओळखपत्रही केंद्राचं नाही, ब्युरोचं. कामगार कार्यालयात गेले तर पहिला प्रश्न तोच, कागद काय आहे?

सिस्टरवर माझा राग नाही. एका मजल्यावर एक सिस्टर आणि दोन मावश्या ठेवल्या की जखमा होणारच. राग त्या चार्टवर आहे. तो भरलेला असतो म्हणून कुणी चादर उचलून बघत नाही. अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर झालंच नाही, 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बारगळलं. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. आमच्या भिंतीवर फायर ब्रिगेडचा नंबर होता, हा नव्हता. मलाही तो नोकरी गेल्यावर कळला.

ताई मंगळवारी विमानाने आल्या आणि बाईंना थेट हॉस्पिटलमध्ये हलवलं. जखम वर दिसत होती त्याहून खोल निघाली, मेलेली कातडी कापून काढावी लागली. दहा दिवसांनी त्यांनीच फोन करून बोलावलं. मी साडेचारला भेटीच्या वेळेत गेले. आधी पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला चार्ट पाहिला. शेवटची नोंद चारची, डावी कूस. पुढचे रकाने मोकळे होते. बाई डाव्या कुशीवर झोपल्या होत्या.