ईथ-झीरो गेला कुठे?

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा जुना सर्व्हर चतुर्थीच्या सुट्टीत व्हर्च्युअल मशीनवर (दुसऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर) हलवला. सेंटओएस ६, म्हणजे जुनं लिनक्स. त्याचे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० लाच बंद झालेत, पण त्यावरचा स्टॉकचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच दुबईला गेला, नव्या सिस्टीमवर तो चढवणार कोण? म्हणून डिस्क जशीच्या तशी कॉपी करून प्रॉक्समॉक्सवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) उभी केली.

मशीन व्यवस्थित बूट झालं, लॉगिनही आलं, नेटवर्क मात्र ठार बंद. अकाउंटंट मॅडमनी लगेच निकाल दिला, "केबल बघा हो." मी कन्सोलवर बसलो. नेटवर्क सुरू करायला गेलं की सर्व्हर ईथ-झीरो (लिनक्समधलं पहिल्या नेटवर्क कार्डाचं नाव) नावाचं उपकरणच नाही म्हणतो. कार्डांची यादी दाखवणारं 'आयपी लिंक' चालवलं तर लूपबॅकखाली (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या जोडणीखाली) ईथ-वन. आणि डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) यूडेव्हने, म्हणजे उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमने, सरळ लिहून ठेवलेलं: ईथ-झीरोचं नाव बदलून ईथ-वन केलं.

यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये '७०-पर्सिस्टंट-नेट' नावाची फाइल असते. प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) आणि त्याला दिलेलं नाव तिच्यात नोंदलेलं. व्हर्च्युअल मशीनचं कार्ड नवं, मॅक नवा. आणि ईथ-झीरो हे नाव तर जुन्या कार्डाच्या नोंदीमुळे, गेलेल्या भाडेकरूने कुलूप लावून ठेवलेल्या खोलीसारखं अडलेलं. दोन-दोन कार्डांच्या सर्व्हरवर बूट होताना कार्डांच्या नावांची अदलाबदल व्हायची, ती या फाइलमुळे थांबली, हे खरं. पण मशीन हलवताना तीच आड येते.

त्या फाइलमधल्या जुन्या ओळी काढल्या, आयएफसीएफजी-ईथ-झीरो या कार्डाच्या सेटिंगच्या फाइलमधली एचडब्ल्यूएडीडीआरची, म्हणजे जुन्या मॅकची, ओळही काढली (ही बरेच जण विसरतात) आणि रीबूट केलं. ईथ-झीरो परत आला, ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना सर्व्हर दिसू लागला.

राउटरपलीकडे मात्र काहीच जाईना, रात्रीचा बॅकअपही नाही. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. पॅकेट बाहेर पडतंय, उत्तर येत नाही. राउटरमध्ये कुणीतरी पूर्वी या आयपीची जुन्या मॅकशी पक्की गाठ बांधून ठेवली होती, त्यामुळे राउटर उत्तरं बंद केलेल्या जुन्या सर्व्हरच्या डब्याच्या नावाने पाठवत होता. नोंद बदलली, लगेच सुरू.

जुना मॅकच व्हर्च्युअल कार्डाला दिला असता तर हे दोन्ही वाचलं असतं, असं कुणी म्हणेल. वाचलं असतं. पण तो डबा अजून टेबलाखाली आहे, आणि उद्या कुणी हौसेने त्याला केबल लावून बटण दाबलं की एकाच नेटवर्कवर एकाच मॅकची दोन मशीन. तो गोंधळ शोधत बसण्यापेक्षा दोन फाइली बदलणं परवडलं.

सेंटओएस ७ पासून नावं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्यावरून पडतात, म्हणून प्रत्यक्ष मशीनवरचं ईएनपी३एस० प्रॉक्समॉक्सवर ईएनएस१८ होतं. तिथे यूडेव्हची फाइल शोधू नका, सेटिंगच्या फाइलमधलं जुनं नाव बदला.