कूलरचा फ्लोट आणि साडेपाच किलोचं प्रेशर

मे महिन्यातली सकाळ, आणि बाल्कनीत पाणीच पाणी. कूलर भरला तरी फ्लोट पाणी थांबवत नव्हता. नवीन फ्लोट टाकला, चार दिवसांत पुन्हा तेच. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद कसा ठेवणार? मी रात्री उठून कॉक बंद करायचे. मग गिझरचा कनेक्शन पाइप फुटला. वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की भिंतीत धाडकन आवाज यायला लागला. हे तीन वेगळे बिघाड समजून मी तीनदा पैसे मोजले.

आम्ही १२ मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्लंबरदादा म्हणाले, "ताई, प्रेशर जास्त आहे," आणि मेन कॉक अर्धा फिरवून गेले. धार बारीक झाली. कूलर मात्र त्या रात्रीही वाहिला.

शेवटी इतवारीतून प्रेशर गेज आणलं, टेफ्लॉन टेप गुंडाळून मशीनच्या नळाला बसवलं आणि घरातले सगळे नळ बंद केले. काटा ५.५ किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५.५ किलोचं प्रेशर! अर्ध्या कॉकचीही परीक्षा घेतली. बाजूचा नळ चालू असेपर्यंत काटा खाली. नळ बंद केला की हळूहळू परत ५.५. अर्ध्या कॉकने धार कमी होते, पण थांबलेल्या पाण्याचं प्रेशर तेवढंच राहतं, आणि फ्लोटला रात्रभर तेच सोसावं लागतं. घरोघरी करतात तो हा उपाय चुकीचा आहे.

टाकीच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर येतं. गच्चीवरची टाकी आमच्या ३५ मीटर वर, म्हणजे ३.५ किलो. मग वरचे २ किलो कुठले? वरच्या मजल्यांवर शॉवरला जोर नाही म्हणून मार्चमध्ये गच्चीवर प्रेशर पंप बसला होता, तोही सगळ्यांच्याच लाइनवर.

आमच्याकडे डक्टमधून तीन लाइन येतात. तिन्हींवर पीआरव्ही, म्हणजे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, बसवले: आधी गाळणी, बाण पाण्याच्या दिशेने, मग स्क्रू सैल करत २.५ किलो. दादांना घाई होती, पण सगळे नळ बंद ठेवून मी त्यांना अर्धा तास थांबवलं. काटा वर सरकला नाही, तेव्हाच पैसे दिले.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे काटा ६ च्या जवळ होता. त्याचा फोटो सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवला. पुढच्या आठवड्यात पंप फक्त वरच्या तीन मजल्यांच्या लाइनला जोडला. संध्याकाळी काकूंनी मला गेज घेऊन बोलावलं. काटा ४ च्या खाली होता.