ट्रिगरचा दुसरा टप्पा हरवतो तेव्हा

साठ शॉटच्या सरावात पाच-सहा शॉट मी ठरवण्याआधीच सुटले. रायफल १० मीटर मॅचची, ४.५ मिमी, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. पहिला संशय बोटावर. दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, बोट जरा अधीर झालं की शॉट नऊत. म्हणून नळीत पेलेट (छर्रा) नाही हे पाहून सिलिंडर उतरवला, रायफल ड्राय फायरवर, म्हणजे रिकामा ट्रिगर दाबायच्या सोयीवर, टाकली आणि डोळे मिटून वीस वेळा ट्रिगर दाबला. या ट्रिगरला दोन टप्पे: पहिल्यात तो हलकेच सरकतो आणि बोट टेकतं, दुसऱ्यात आणखी जोर दिला की शॉट सुटतो. चौदा वेळा पहिला टप्पा संपताच बोट टेकलं, मग सुटलं. सहा वेळा टेकलंच नाही. म्हणजे दोष ट्रिगरमध्ये.

बोट टेकतं ती जागा सीअरच्या, म्हणजे शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, पकडीवर अवलंबून असते. पकड फार कमी उरली की पहिल्या टप्प्याच्या ओघातच सीअर सुटतो. दुसऱ्या टप्प्याची स्प्रिंग फार हलकी केली, तर टेकल्याचं बोटाला कळतच नाही. माझ्याकडे दोन्ही होतं.

स्क्रूंना हात लावण्याआधी ब्लोअरने धूळ उडवली. आत तेल सोडायचं नाही, त्यावर धूळ बसून चिखल होतो. मग प्रत्येक स्क्रूची खूण पेन्सिलने कागदावर. ही खूण नसेल तर तासाभराने आपण कुठून निघालो तेच कळत नाही.

आधी ट्रिगर स्टॉप, म्हणजे शॉटनंतर ट्रिगरला पुढे सरकू न देणारा स्क्रू, एक पूर्ण फेरा सैल. तो घट्ट असला की बाकीचं सगळं फसवं वाटतं. मग सीअरचा स्क्रू पकड वाढेल त्या बाजूला पाव-पाव फेरा, दर वेळी दहा ड्राय फायर. दुसऱ्या पाव फेऱ्याला टेकणं परत आलं. एका वेळी एकच स्क्रू. दोन फिरवले की कशाने काय झालं ते उमगत नाही.

ट्रिगरचं वजन, म्हणजे तो दाबायला लागणारा जोर, मोजायला औषधाची छोटी बाटली, दोरा आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. नळी सरळ वर धरून बाटलीचा दोरा ट्रिगरच्या ब्लेडच्या (बोट ठेवतो त्या पात्याच्या) मधोमध अडकवायचा आणि रायफल सावकाश उचलायची. बाटलीत पाणी वाढवत गेलो: पहिला टप्पा ७० ग्रॅमला सरकला, शॉट ११५ ग्रॅमला सुटला. एअर पिस्तुलाला नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतात, रायफलला अशी मर्यादा नाही. म्हणूनच हलकं करत सुटायचा मोह होतो. दोन टप्प्यांतला ४०-४५ ग्रॅमचा फरक बोटाला स्पष्ट कळतो, तेवढा ठेवा.

स्टॉप सर्वांत शेवटी: शॉट सुटेनासा होईपर्यंत आवळून तिथून अर्धा फेरा मागे.

मग रायफल कॉक करून (शॉटसाठी ताणून) दस्ता रबरी मॅटवर चार-पाच सेंटीमीटरवरून दहा वेळा आपटला. सीअर एकदाही सुटला असता, तर पकड अजून वाढवावी लागली असती.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंग रायफलला मात्र यातलं काही लावू नका. रिकामा शॉट तिच्या पिस्टनला सोसत नाही, आणि नळी उघडी असताना ट्रिगर दाबला गेला तर ती झटक्यात मिटून बोटं चिरडते.