पंचवीस तासांचा दिवस

रात्री झोपायच्या आधी जहाजाच्या केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येऊन पडलेला असतो. त्या रात्रीच्या कागदावर बंदराच्या नावाच्या जागी फक्त ‘अ‍ॅट सी’, म्हणजे दिवसभर समुद्रातच, एवढंच छापलं होतं. खाली ठळक अक्षरांत सूचना होती, उद्या रात्री दोन वाजता घड्याळं एक तास मागे घ्यावीत. आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. “म्हणजे उद्या उठल्यापासून परवा उठेपर्यंत पंचवीस तास?”

कॅनरी बेटं सोडून आम्ही अटलांटिक ओलांडत कॅरिबियनकडे निघालो होतो. भूमध्य समुद्रात उन्हाळा काढलेली बरीच क्रूझ जहाजं हिवाळ्याच्या तोंडावर याच वाटेने जातात. पश्चिमेकडे जाताना दर 15 रेखांशांमागे एक तास मिळतो, त्यामुळे सहा-सात दिवसांच्या या पट्ट्यात घड्याळ चारदा मागे जातं. निघण्याआधी अनेकांनी सांगितलं होतं, इतके दिवस नुसतं पाणी बघून कंटाळाल, जास्त बंदरं असलेली सफर घ्या. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बंदराच्या दिवशी रांग, बस, धावतपळत बघणं आणि सगळा वेळ परतीच्या घड्याळाकडे डोळा. समुद्राच्या दिवशी मात्र तुमच्याकडे कुणाचं काहीच मागणं नसतं.

उजाडायच्या आत आम्ही दोघी डेकवर गेलो. कठड्यावर हात टेकला तर तळहाताला बारीक, चिकट मीठ लागलं. पलीकडे दोन खलाशी रबरी नळीने कठडे, खिडक्या, जिन्यांचे दांडे धूत येत होते. मीठ ओल धरून ठेवतं आणि लोखंड खातं, म्हणून हे काम नेमाने चालतं. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, एवढं गोडं पाणी आणतात कुठून?” समुद्रातूनच, मी सांगितलं. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळतं, मग इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच वाफ करून ती थंड करता येते. दुसरा मार्ग म्हणजे जोराचा दाब देऊन खारं पाणी पातळ पडद्यांतून गाळायचं. तिने नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं, आता जरा आदराने.

सूर्य मागून उगवला. आमची वाट पश्चिमेची असल्यामुळे सकाळचं ऊन जहाजाच्या पाठीवर आणि संध्याकाळचं तोंडावर. जहाजामागे फेसाळ पाण्याचा पट्टा पार क्षितिजापर्यंत गेला होता. सर्वांत विलक्षण होती ती हवा. जहाज एवढ्या वेगाने चाललेलं, तरी डेकवर वाऱ्याची झुळूकही नाही. कागदाचा कपटा ठेवला असता तरी हलला नसता. चिमणीचा धूर सरळ वर जात होता. नंतर लक्षात आलं, ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आमच्या पाठीशी होते आणि त्यांचा वेग जवळजवळ आमच्याइतकाच होता. वारा आणि आम्ही बरोबरीने चाललो होतो. 1492 साली कोलंबस याच वाऱ्यांच्या भरवशावर कॅनरी बेटांहून निघाला आणि त्याला पलीकडची जमीन दिसायला पाच आठवडे लागले. त्याच्याकडे हाच वारा होता, बाकी काही नाही. ते आठवलं आणि त्या निश्चल हवेत अंगावर शहारा आला.

बारा वाजता कप्तानाचा आवाज आला. अक्षांश, रेखांश, वेग 18 नॉट, खाली पाणी साडेचार हजार मीटर. लोक खाता खाता थांबतात आणि ऐकतात, रोज. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून, वाळूच्या घड्याळाच्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1,852 मीटर. आमचा डेक पाण्यापासून साधारण 30 मीटर उंच होता, तिथून क्षितिज जवळपास 20 किलोमीटरवर येतं. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात दिवसभरात एकही दुसरं जहाज दिसलं नाही. मला त्याची भीती नाही वाटली. खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दुपारी मी एकटी खालच्या डेकवर, नाळेच्या म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. उडते मासे बघायचे तर तिथूनच, वरून ते नुसते ठिपके दिसतात. नाळ पाणी कापत पुढे सरकते, तिला घाबरून ते उसळी घेतात. पहिला दिसला तेव्हा पक्षीच वाटला. तळहाताएवढा, निळसर रुपेरी, आणि पंख अजिबात न हलवता तरंगत गेला. वेग कमी होऊन खाली आला की शेपटीचं लांब खालचं टोक तेवढं पाण्यात बुडवून भराभर झटकायचा आणि पुन्हा वर. पाण्यावर त्या झटक्यांची बारीक नागमोडी टिपक्यांची ओळ उमटायची आणि विरून जायची. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब पिवळसर रेषा तरंगताना दिसल्या, त्या सारगॅसम शेवाळाच्या. मुळं नसलेलं हे शेवाळ सगळं आयुष्य असंच उघड्या समुद्रावर काढतं.

परत आले तर आई डेकचेअरवर झोपलेली. पुस्तक पोटावर उलटं, चष्मा नाकाच्या टोकावर. दिवसाउजेडी झोपलेली आई मी कधी पाहिलीच नव्हती. घरात ती टेकली तरी कान दाराकडे असतात. मी चष्मा अलगद काढला, तरी ती हलली नाही. चार वाजले, पाच वाजले, मी उठवलं नाही. सूर्य नाळेपुढे उतरू लागला, ऊन तिच्या पायांपर्यंत आलं, तेव्हा ती आपली आपण जागी झाली आणि म्हणाली, “किती वाजले?” आणि लगेच स्वतःच, “राहू दे, नको सांगूस.”

रात्री दोनला गजर लावला होता. घड्याळ मागे करून मी पुन्हा एक वाजवला आणि वळून पाहिलं तर आई शाल घेऊन दारात उभी. “चल, तो तास झोपेत कशाला घालवायचा?” वरच्या डेकवर कुणी नव्हतं. दिवे मंद केलेले, चिमणीची मंद घरघर, आणि आकाशात इतके तारे की ओळखीची नक्षत्रंही त्यात पटकन सापडेनात. आम्ही दोन खुर्च्या कठड्याशी ओढल्या आणि पांघरूण दोघींच्या पायांवर घेतलं.