‘हॅरिसनमध्ये दिलंय’ एवढ्यानं भागत नाही

नागपूरच्या मेडिकल चौकात बाइंडिंगला जाणारा एमडीचा प्रबंध असो की संत्र्याच्या गुणांवरचा लेख, ‘हॅरिसनमध्ये दिलंय’, म्हणजे वैद्यकाच्या त्या प्रसिद्ध पाठ्यग्रंथात दिलंय, असं लिहून मोकळं होता येत नाही. कुठली आवृत्ती? कुठलं प्रकरण? ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते टिन्स्ली हॅरिसन 1978 मध्ये गेले, ग्रंथ मात्र दर आवृत्तीला बदलत आलाय.

आवृत्ती चुकली की आकडाच चुकतो. उपाशीपोटी साखर 140 किंवा जास्त असेल तर मधुमेह, हा जुना निकष. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं 1997 मध्ये तो 126 वर आणला, जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 मध्ये. वाचनालयातली त्याआधीची प्रत धरून लिहिलंत, तर 130 साखरेचा माणूस तुमच्या लेखात मधुमेही ठरतच नाही. वाचणाऱ्याचं औषध लांबतं, म्हणून हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

व्हँकुव्हर ही वैद्यकातली संदर्भ लिहायची पद्धत. तीत आधी प्रकरणाचे लेखक, मग प्रकरणाचं नाव, मग ‘इन’ लिहून संपादक, ग्रंथ, आवृत्ती, गाव, प्रकाशक, वर्ष, पानं. बहुतेकांचं चुकतं ते इथं: प्रकरण लिहिलं एकानं आणि श्रेय जातं संपादकांना. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकला की अख्ख्या पुस्तकाची नोंद येते. प्रकार बदलून ‘बुक सेक्शन’ करा आणि प्रकरणाचे लेखक हातानं भरा. स्रोत मजकुरात ज्या क्रमानं पहिल्यांदा येतील, त्याच क्रमानं त्यांना क्रमांक द्या; तोच स्रोत पुन्हा आला तर जुनाच क्रमांक.

आता संत्रं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते उघडा. आकडे 100 ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत, म्हणजे साल-बिया काढून. अख्ख्या फळाचं वजन धरू नका. ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, कॅलरी हव्या तर 4.184 नं भागा. 200 किलोज्यूल म्हणजे साधारण 48 किलोकॅलरी. भागायचं राहिलं तर लेखात थेट 200 छापलं जातं. आणि आकडा पेपरातून घेतला असेल, तर तक्त्यांचं नाव टाकू नका. तक्ता उघडून जुळवा, मग त्याचा संदर्भ द्या.

वेबपानाला दोन तारखा लागतात: पान अद्ययावत झालं ती आणि तुम्ही पाहिलं ती. पान मधेच बदललं, तरी तुम्ही नेमकं कुठलं रूप पाहिलं होतं, ते दुसऱ्या तारखेवरून कळतं.