घड्याळाची रात्र, फेरीबोटीची रात्र

बीपी होल्टर, म्हणजे चोवीस तास दंडाला पट्टा बांधून ठराविक वेळाने बीपी मोजणारं यंत्र, परत आला की तो संगणकाला जोडायचा, रुग्णाने भरलेला कागद शेजारी उघडा ठेवायचा आणि मगच सॉफ्टवेअरचा निकाल वाचायचा, हा आमचा क्रम. त्या दिवशी तो उलटा झाला. जूनचा पाऊस धो धो लागलेला, ओपीडीत गर्दी, आणि कागद भिजून यंत्राच्या पाऊचच्या तळाला चिकटलेला. त्यामुळे पडद्यावरचे आकडेच आधी दिसले. वरच्या बीपीची दिवसाची सरासरी १३२, रात्रीची १५५.

झोपेत माणसाचं बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतं. उतार १० टक्क्यांहून कमी असला तर आपण कान टवकारतो, आणि उतरण्याऐवजी चढलेलं दिसलं तर फार सावध होतो. मूत्रपिंडाचा जुना आजार, झोपेत श्वास अडकणं, मधुमेहाने बिघडलेल्या स्वायत्त नसा (हृदय, रक्तवाहिन्या आपोआप सांभाळणाऱ्या) अशा गोष्टी त्यामागे असू शकतात, आणि अशा लोकांत पक्षाघाताचा व हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो. इथे तर रात्रीचा आकडा २३ ने वर होता. झोपेच्या तपासणीची चिठ्ठी लिहायला घ्यावी, असाच हा अहवाल.

रुग्ण पन्नाशीतला, गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या एका फेरीबोटीच्या इंजिनावर काम करणारा. ओपीडीत बीपी १२८/८०, पण घरच्या वहीत एका आठवड्यात ११८, तर पुढच्या आठवड्यात १६०. याच चढउतारासाठी त्याला आमच्या अभ्यासात घेतलं होतं. पंख्याखाली वाळवून कागद उलगडला, तेव्हा त्यावर लिहिलेलं सापडलं: ‘रात्री १० बोटीवर. सकाळी ६ ला सुटलो. ८ ला झोपलो. २ ला उठलो.’

रात्रपाळी आहे हे सांगितलं का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाही मॅडम. चोवीस तास काढू नका म्हणालात, मी काढलं नाही.”

बरोबरच होतं त्याचं. आमचं यंत्र सकाळी ६ ते रात्री १० दर २० मिनिटांनी आणि रात्री १० ते सकाळी ६ दर ३० मिनिटांनी पट्टा फुगवतं. दिवस आणि रात्र ही विभागणी सॉफ्टवेअर याच वेळांवरून करतं. माणूस जागा आहे की झोपलेला, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. शिवाय रात्रपाळीवाल्याचं एक वेगळंच नुकसान होतं: काम करतानाची मोजणी विरळ, आणि झोपेत मात्र दर २० मिनिटांनी हाताला पिळा.

मग कागदाप्रमाणे वेळा नव्याने भरल्या. ६४ प्रयत्नांपैकी ५५ नोंदी मिळाल्या होत्या, म्हणजे ८६ टक्के. किमान ७० टक्के लागतात, जागेपणीच्या २० आणि झोपेतल्या ७ तरी हव्यात, त्यात हा अहवाल आरामात बसत होता. झोपेच्या सहा तासांतल्या १७ नोंदींची सरासरी निघाली १२१. जागेपणीच्या ३८ नोंदींची १४४. म्हणजे झोपेत १६ टक्के उतार, अगदी पुस्तकी. चढती रात्र एका क्लिकमध्ये नाहीशी झाली.

पण त्या जागी दुसरी गोष्ट वर आली. जागेपणीची मर्यादा १३५/८५, झोपेतली १२०/७०. हा माणूस जागेपणी १४४ वर होता आणि ओपीडीत १२८ दाखवत होता. गोळी चालू असूनही न आटोपलेलं, पण दवाखान्यात लपून राहिलेलं बीपी. ओपीडीत तो नेहमी दुपारी यायचा, झोप काढून, आंघोळ करून. त्या वेळी मोजलं की सगळं ठीक.

१४४ हा आकडा तरी खरा का? बोटीवरच्या ११ नोंदींत दोन विचित्र होत्या, २०४ आणि १९१. त्याच पाळीत यंत्राने पाच वेळा चूकही दाखवली होती. हे यंत्र कानाने ऐकत नाही. पट्ट्यातली हवा सुटताना धमनीचे ठोके पट्ट्यात जी बारीक स्पंदनं उठवतात, ती ते टिपतं. स्पंदनं जिथे सर्वांत मोठी, तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून गणिताने काढलेला. डिझेल इंजिनाशेजारी लोखंडी कठड्यावर कोपर टेकून उभं राहिलं की कठड्याची थरथरही पट्ट्यात शिरते, आणि यंत्राला नाडी व इंजिन यांतला फरक करता येत नाही. बसमध्ये, स्कूटरवर, मिक्सर धरलेल्या हाताने हेच घडतं. आम्ही त्या दोन नोंदींचे स्पंदन-आलेख उघडले. चढून उतरणाऱ्या टेकडीऐवजी तिथे नुसतं कुंपण होतं.

तरी त्या सरसकट उडवल्या नाहीत. वरचा दाब २६० च्या पुढे किंवा ७० च्या खाली गेला तरच नोंद आपोआप बाद, असा आमचा आधी ठरवलेला नियम आहे, आणि २०४ त्यात बसत नाही. नको तो आकडा खोडायची सवय लागली की चढउताराचा अभ्यास करण्यात अर्थ उरत नाही. म्हणून दोन्ही हिशेब ठेवले: त्या दोन्ही धरून जागेपणी १४४, वगळून १४१. निष्कर्ष एकच राहिला, तेव्हा वाद संपला.

चढउताराच्या आकड्याचं मात्र तसं नव्हतं. चोवीस तासांचं प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती विखुरल्या याचं माप) यात फसवतं, कारण झोपेतला निरोगी उतारही त्यात विचलन म्हणून मोजला जातो. म्हणून झोप आणि जाग यांचं विचलन वेगळं काढून, तासांच्या प्रमाणात एकत्र करतात. दुसरं माप म्हणजे एआरव्ही, लागोपाठच्या दोन नोंदींतल्या फरकांची सरासरी. १२०, १४०, १२०, १४० आणि १२०, १२०, १४०, १४० या दोन्ही मालिकांचं विचलन सारखंच, १०. एआरव्ही मात्र पहिलीची २०, दुसरीची ६.७. शरीराला बसणारे हेलकावे तिथे दिसतात. पण याच गुणामुळे एक खोटी नोंदही एआरव्हीला दोनदा डसते, चढताना आणि उतरताना. मध्ये एक-दोन नोंदी गळाल्या असतील तर ‘लागोपाठ’ म्हणजे तासाभराचं अंतरही असू शकतं. एआरव्ही किती असली की वाईट, याचा सर्वमान्य आकडा अजून ठरलेला नाही. तरी अहवालात ती लाल रंगात छापली जाते, हे मला पटत नाही.

राहिली घरची वही. २०१० साली पीटर रॉथवेल यांच्या गटाने लॅन्सेटमध्ये दाखवलं, की भेटीगणिक वरच्या बीपीत होणारा चढउतार सरासरीपलीकडेही पक्षाघाताचा धोका सांगतो. त्यामुळे वहीतले ११८ आणि १६० सोडून देता येत नव्हते. वही आणि पाळ्यांचा तक्ता शेजारी मांडला. गोळी लोसार्टन ५०, ‘उठल्यावर एक’. सकाळपाळीला तो पाचला उठतो, रात्रपाळीनंतर दुपारी दोनला. पाळी बदलली की दोन गोळ्यांत कधी १५ तासांचं अंतर, कधी ३३. लोसार्टनच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रभावी रूपाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६ ते ९ तास. वहीतले १६० वाले आकडे बहुतेक ३३ तासांच्या शेवटच्या टप्प्यात, बोटीवरून येऊन चहा पिताना घेतलेले. डबाही विचारला: पाळीला पेज, सोबत मिठाच्या पाण्यातली कैरी आणि भाजलेला खारा बांगडा. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, बरणी जूनमध्ये भरलेलीच असते.

डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली, जिचं अर्धायुष्य सुमारे २४ तासांचं आहे. पाळी कुठलीही असो, ती रोज रात्री आठला घ्यायची. कैरी पाण्यात भिजवून, पिळून खायची. दंडाचा घेर ३५ सेंटीमीटर भरला, म्हणून घरच्या यंत्रालाही मोठा पट्टा. लहान पट्टा बीपी जास्त दाखवतो. मोजायचं उठल्यावर आणि झोपायच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, चहाच्या आधी. होल्टर घालून बोटीवर असताना पट्टा फुगू लागला की कठड्यापासून बाजूला व्हायचं आणि हात सैल सोडायचा. घामाने पट्टा कोपराकडे घसरतो, म्हणून नळी मानेमागून घेऊन खांद्यावर चिकटपट्टीने धरली.

सहा आठवड्यांनी दुसरी नोंद झाली, या वेळी सकाळपाळीत. छापील अर्जावरचा ‘दिवस/रात्र’ हा रकाना काढून ‘झोपलो/उठलो’ केला होता. जागेपणी १३१, झोपेत ११४. पहाटे तीनची एकच नोंद १६८. कागदावर तीनसमोर त्याने लिहिलं होतं: ‘मागच्या दारी सुणें भुंकतालें, उठलों.’ म्हणजे कुत्रं भुंकत होतं, उठलो. ती आम्ही जागेपणात धरली.