कातेन्का

बँकेतली माझी नोकरी कॅश काउंटरवर सुरू झाली आणि मधली काही वर्षं सोडली तर तिथेच संपली. एवढ्या वर्षांत मी नोटा मोजल्या, पाहिल्या मात्र नाहीत. मोजताना नोटेकडे बघायचंच नसतं. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि पॅकेट सोडायचं. खोटी नोट आली तर ती आधी बोटाला लागते, डोळा नंतर वळतो.

निवृत्तीनंतर एका रविवारी जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो. एका दुकानदाराच्या आल्बममध्ये देशोदेशीच्या नोटा प्लास्टिकच्या खणांत बसल्या होत्या. एकच तेवढी खणात मावत नव्हती, म्हणून चार घड्या घालून मागच्या पानाआड सरकवलेली. उलगडली तर टेबलावर लग्नपत्रिका पसरावी तशी पसरली. साधारण २६ सेंटिमीटर लांब, १२ रुंद. शंभर रुबल, रशिया, १९१०. घड्यांच्या जागी कागद कापडासारखा मऊ झालेला, मधोमध दोन बारीक भोकं. दुकानदार म्हणाला, "काका, कोरी हवी असेल तर तीही आहे, पण तिचा भाव वेगळा." मी घडीचीच घेतली. कोरी करकरीत नोट म्हणजे कुणीतरी दडवून ठेवलेली नोट. माझ्या काउंटरवर ती यायचीच नाही.

घरी आल्यावर भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो कझानला डॉक्टरकी शिकतोय, तीन वर्षांत रशियन चांगलं यायला लागलंय. नोट कॅमेऱ्यापुढे धरली तर पठ्ठ्या पहिल्याच ओळीत अडखळला. "मामा, हे अक्षर आमच्या कीबोर्डवर नाहीच. आणि शब्दाच्या शेवटी हे उगाच काय चिकटवलंय?" होस्टेलच्या दाराशी बसणाऱ्या आजींना त्याने फोन दाखवला. आजींनी चष्मा वर केला आणि एकच शब्द उच्चारला: "कातेन्का!"

अक्षराचा उलगडा आजींनीच केला. रशियनची लेखनपद्धती १९१८ मध्ये बदलली, तेव्हा काही अक्षरं कायमची गेली. शब्दाच्या टोकाला येणारं ते मुकं अक्षर भाषेत राहिलं, पण तिथून उठवलं गेलं. कातेन्का हे मात्र या नोटेचं लाडाचं नाव. नोटेवर सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनचं चित्र आहे. रशियन लोक तिला येकातेरीना म्हणतात, आणि येकातेरीनाची कातेन्का म्हणजे आपल्याकडे सुमनची सुमी. पाचशेच्या नोटेवर पीटर द ग्रेट होता, तो झाला पेतेन्का. ती नोट आकाराने हिच्याहूनही मोठी. तीन रुबलची हिरवी, पाचची निळी, दहाची लाल. त्यांना लोक रंगानेच हाक मारत. आपण 'गुलाबी नोट' म्हणायचो तसंच.

शंभराच्या नोटेवर कॅथरीन, यात न्याय आहे. रशियात कागदी पैसा तिनेच आणला, १७६९ मध्ये. तुर्कस्तानशी युद्ध सुरू झालं होतं, पैसा हवा होता आणि तिजोरीत चांदी पुरेशी नव्हती. तांबं होतं, पण त्या काळी एक पूद तांब्यातून, म्हणजे साडेसोळा किलोच्या आसपास, सोळा रुबलची नाणी पाडत. शंभर रुबलचं तांबं भरायचं शंभर किलोच्या वर. मी सुट्ट्या नाण्यांच्या थैल्या उचलून कंबर दुखवून घेतलेला माणूस; एका गिऱ्हाइकाचे शंभर रुबल घ्यायला दारात बैलगाडी उभी आहे, हे चित्र मला हसू आणत नाही.

पहिल्या नोटा पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांच्या. किमती चार: २५, ५०, ७५ आणि १००. पंचवीस आणि पंचाहत्तर! ज्याने हे ठरवलं तो काउंटरवर एक दिवसही बसला नसणार. रशियनमध्ये या दोन आकड्यांची शेपटी सारखीच. लोकांनी पंचवीसच्या पंचाहत्तर करायला सुरुवात केली आणि १७७१ मध्ये पंचाहत्तरची नोट बंदच करावी लागली.

पुढे नेपोलियनने रशियाच्या खोट्या नोटा छापवल्या. छपाई उत्तम, कागद चांगला. पण खऱ्या नोटांवर अधिकारी शाईने सही करत आणि याच्या नोटांवर सहीसुद्धा छापलेली. शिवाय कोरणाऱ्यांना रशियन येत नव्हतं. काही नोटांवर 'चलनी' अशा अर्थाच्या शब्दातलं एक अक्षर त्यांनी चुकीचं कोरलं. साऱ्या युरोपला वाकवणारा बादशहा शुद्धलेखनात नापास. (आमचे एक मॅनेजर साध्या नोटिशीतही ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. त्यांना आम्ही हसायचो.)

माझ्या नोटेकडे परत येतो. भाच्याने अडखळत अडखळत वाचलं. रशियाची स्टेट बँक ही नोट सोन्याच्या नाण्यांत बदलून देईल, रकमेला मर्यादा नाही. या बदलाला राज्याच्या साऱ्या मालमत्तेचं तारण आहे. खोटी नोट करणाऱ्याचे सगळे नागरी हक्क जातील आणि तो सक्तमजुरीवर हद्दपार होईल. आपल्या नोटेवर 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ' एवढंच असतं. शंभराची नोट घेऊन गेलं तर शंभरच मिळणार, हे सांगायला गव्हर्नरची सही. इथे मात्र वजनच ठरलेलं: अर्थमंत्री विट्टे यांनी १८९७ मध्ये रुबल सोन्याला बांधला, एका रुबलला ०.७७४ ग्रॅम शुद्ध सोनं. कातेन्का घेऊन गेलात की साडेसत्त्याहत्तर ग्रॅमला थोडं कमी. जुन्या हिशेबाने साडेसहा तोळ्यांच्या वर. बायकोने ऐकलं आणि नोट माझ्या हातून काढून घेऊन एकदा नीट पाहिली.

देतही असत, सतरा वर्षं. १९१४ च्या जुलैत महायुद्ध आलं आणि सोनं देणं थांबलं. नोटेवरचं वाक्य मात्र कुणी काढलं नाही, ते तसंच छापत राहिले. लोकांनी आधी सोन्याची नाणी दडवली, मग चांदीची, मग तांब्याची. १९१५ मध्ये सुट्ट्या पैशांचा असा तुटवडा पडला की सरकारने टपालाच्या तिकिटांची चित्रं जाड कागदावर छापली आणि मागे लिहिलं, चांदीच्या नाण्याइतकीच ही चालतील. दहा कोपेकवर (शंभर कोपेकचा एक रुबल) खुद्द झार दुसरा निकोलस. बोटाच्या पेराएवढा सम्राट! सुट्ट्यांऐवजी चॉकलेट टेकवणाऱ्या दुकानदाराला मी आजवर नावं ठेवत आलो होतो.

दुकानदाराच्या आल्बममध्ये एका खणात एक चिटोरं होतं, आगपेटीच्या लेबलापेक्षा फार मोठं नाही. 'केरेन्का', त्याने सांगितलं. १९१७ मध्ये झार गेला, हंगामी सरकार आलं, केरेन्स्की पंतप्रधान झाले, त्यांच्या नावावरून हे नाव. वीस आणि चाळीस रुबल, दोनच किमती. मी सवयीने नंबर शोधला. नंबर नाही. सही शोधली. तीही नाही. रशियाच्या राजचिन्हातला दुमुखी गरुड आहे, पण त्याच्या डोक्यावरचा मुकुट काढलेला. चाळीस-चाळीस नोटांच्या अखंड तावांत छापत आणि तसेच देत. ज्याला जेवढे हवेत तेवढे त्याने कात्रीने कापून घ्यावेत. बिननंबरी नोट! एकेका तुटक्या नोटेसाठी नंबराचे अर्धे तुकडे भिंगातून जुळवत बसलेला मी. माझ्या अंगावर काटा आला.

त्याच वर्षी, १९१७ च्या नोव्हेंबरअखेर, आपल्याकडे एक रुपयाची पहिली नोट निघाली. कारण तेच, महायुद्धाने चांदी ओढून नेली. पंचम जॉर्जच्या रुपयाचं चित्र कागदावर छापलं. त्याआधी रुपया म्हणजे दगडावर आपटून, आवाज ऐकून घ्यायची वस्तू. कागद कुणी आणि कशावर आपटावा?

लेनिनचे बोल्शेविक आले, त्यांनी केरेन्स्कीला पळवून लावलं, पण त्याच्या नोटा छापायचं काही थांबवलं नाही. झारच्याही छापल्या. त्या नोटांवर स्टेट बँकेचा व्यवस्थापक शिपोव याची सही होती. शिपोवला त्यांनी १९१७ मध्येच नोकरीवरून काढलं. सही पुढेही कामावर हजर. खेड्यातली माणसं मात्र हुशारी करायला गेली. केरेन्का खर्च करायची आणि कातेन्का जमवायची, झार परत आला तर तीच चालणार, हा हिशेब. ट्रंकेत, गादीत, जमिनीत कातेन्का गेल्या. झार आला नाही. १९२२, १९२३ आणि १९२४ असे तीनदा शून्यं काढून टाकत रशियाने चलन बदललं. तिन्ही बदलांचा गुणाकार मी कागदावर दोनदा करून पाहिला: जुने पाच हजार कोटी म्हणजे नवा एक. दुकानदाराकडच्या त्या कोऱ्या, महागड्या नोटा बहुधा अशाच कुणाच्या ट्रंकेतल्या.

माझी मात्र फिरलेली. एके रात्री ती टेबललॅम्पपुढे धरली. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यात जलचिन्हातली कॅथरीन उमटली, गालावर किंचित सुरकुती पडलेली, कागदाची. तिच्या खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, दिवसा न दिसणारं. भाच्याला उठवायच्या बेतात होतो, पण त्याची गरज नव्हती. आकडाच होता. अठ्ठेचाळीस, त्याखाली एक आडवी रेघ.

रिझर्व्ह बँकेने मनाई करण्याआधी आम्हीही हेच करायचो. पॅकेट पुरं शंभराचं नसलं की वरच्या नोटेच्या पांढऱ्या खिडकीत आत किती आहेत ते लिहायचं आणि खाली रेघ मारायची, म्हणजे दुसऱ्याने पुढे शून्य जोडू नये.

मी नोट तिच्या जुन्याच घड्यांवर मिटली. टाचणीची दोन भोकं बरोबर एकावर एक आली.